खुर्चीमागच्या मुठी

इस्पितळातून घरी सोडायचा दिवस ठरला की घरातलं कुणीतरी जवळच्या सर्जिकल दुकानातून खुर्ची घेऊन येतं. चकचकीत क्रोमची, घडी होणारी, बसायला १८ इंच रुंद, वजनानं १८-२० किलो, आणि मागे ढकलायला दोन रबरी मुठी. रुग्णाला वॉर्डातून एक्स-रेच्या खोलीपर्यंत न्यायला ही खुर्ची पुरते. तिच्यात बसणाऱ्यानं स्वतः चाकं फिरवून बाजार करावा, ऑफिस गाठावं, असा विचार तिच्या घडणीत फारसा नसतो. म्हणूनच खुर्चीत राहून नोकरी-धंदा करणारी पुष्कळ माणसं पुढे अंगाच्या मापाची हलकी खुर्ची घेतात आणि मागच्या मुठी एकतर काढून टाकतात, नाहीतर दुमडून ठेवतात. मूठ दिसली की येणारा-जाणारा न विचारता ती धरतो आणि बसलेल्या माणसाचं तोंड भलतीकडे वळवून मोकळा होतो.

हे प्रकरण त्या मुठींच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. वाहनाच्या अपघातात, झाडावरून किंवा विहिरीत पडून, मणक्याच्या क्षयानं किंवा गाठीनं ज्याचं कंबरेखालचं बळ गेलं, त्याच्या बायकोसाठी. जिचं गेलं, तिच्या नवऱ्यासाठी. मदत केव्हा, किती आणि कशी घ्यायची, हे खुर्चीतल्या माणसानं ठरवायचं. ते ठरवण्याचा हक्क आणि ताकद त्याच्याकडे लवकरात लवकर परत यावी, एवढंच जोडीदारानं बघायचं. ‘एवढंच’ म्हटलं खरं, पण प्रेम करणाऱ्या माणसाला हेच सर्वांत जड जातं.

सुरुवात खुर्चीपासूनच करावी. घडीची खुर्ची बनली तीच मुळी एकाला घराबाहेर पडायचं होतं म्हणून. अमेरिकेतले खाण-अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट १९१८ साली खाणीतल्या अपघातात पांगळे झाले होते. मोटारीत बसेल अशी खुर्ची त्यांना मिळेना. त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३च्या सुमारास नळ्यांची, मधोमध मिटणारी खुर्ची बनवली आणि पुढे दोघांनी मिळून कारखाना काढला. आज सर्जिकल दुकानात मिळते ती त्याच खुर्चीची नात-पणती. नव्वद वर्षांत खुर्च्या फार पुढे गेल्या, आपली खरेदी मात्र अजून तिथेच आहे.

खुर्ची मापाची हवी म्हणजे काय, हे नवरा-बायको दोघांनी फिजिओथेरपिस्टसमोर बसून समजून घ्यावं. बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दोन बोटं जागा राहावी. गुडघ्यामागची पोकळी आणि गादीची कड यांत दोन-तीन बोटांचं अंतर असावं. हात चाकाच्या कड्याच्या माथ्यावर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं, १०० ते १२० अंशांत राहावं. हे बारकावे चैनीचे नाहीत. यापुढे खांदेच पायांचं काम करणार आहेत, आणि वर्षानुवर्षं चुकीच्या खुर्चीत चाकं ढकलून खांदे निकामी झाले तर उरलेलं स्वातंत्र्यही जातं. खुर्ची रुंद असली की हात फाकवून ढकलावं लागतं आणि पाठीला बाक येतो. कुटुंबं नेमकी रुंद खुर्ची पसंत करतात, ‘जरा ऐसपैस बसतील’ म्हणून.

खुर्चीइतकीच महत्त्वाची तिच्यावरची गादी. आपण बसतो तेव्हा अंगाचा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येतो. थोड्या वेळानं तिथं कळ लागते आणि आपण नकळत कूस बदलतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला ही कळच पोचत नाही. हाड आणि खुर्ची यांच्यामध्ये मांस दबून राहतं, रक्त थांबतं आणि पेशी आतून मरू लागतात. वर कातडीवर रुपयाएवढा डाग दिसतो तेव्हा खाली केवढी पोकळी झालेली असते, याची कल्पनाही येत नाही. म्हणून दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका अंगावर झुकून, साधारण दोन मिनिटं तो भार उचलायचा. सकाळ-संध्याकाळ आरशात कातडी बघायची. बोटानं दाबल्यावरही न फिकुटणारी लाली ही धोक्याची खूण असते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, तेव्हा तिथं हात लावून ऊब आणि कडकपणा तपासायचा. अशी जागा सापडली तर ती पूर्ववत होईपर्यंत तिच्यावर बसायचं नाही, मग घरात लग्न असो की कचेरीत तपासणी. तिथं चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही. मधे भोक असलेली रबरी हवेची रिंग अजूनही सर्रास विकली जाते. ती घेऊ नये, कारण तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो.

अमेरिकी नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडले आणि मानेखालचं शरीर गमावून बसले. पैसा, परिचारिका, उत्तम डॉक्टर, पाठीशी खंबीर उभी असलेली पत्नी डेना, सगळं होतं. तरीही २००४च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यावर अशाच एका चिघळलेल्या दाबजखमेचे उपचार चालू होते. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपल्याकडे बेडसोअर झाला की घरातल्या बाईची हयगय झाली असं बोललं जातं. जखम कुणालाही होऊ शकते. बोट दाखवण्यात दिवस घालवण्यापेक्षा ती पहिल्या दिवशी पकडणं मोलाचं.

आणि इथेच माझ्या मूळ मुद्द्याची पहिली परीक्षा होते. दर अर्ध्या तासानं भार उचलायचा, पण आठवण कुणी करायची? बायको दिवसभर ‘अहो, जरा पुढे वाका’ म्हणत राहिली तर महिन्याभरात ती राखणदार होते आणि तो शाळकरी पोर. मोबाइलचा गजर त्यानं लावावा, आरसा त्यानं धरावा, दिसलेलं त्यानं सांगावं. हात चालत नसतील तर ‘आता मला वळव’ हे वाक्य त्यानं बोलावं. हात दुसऱ्याचे असले तरी हुकूम त्याचा. पुनर्वसनाच्या चांगल्या केंद्रात नेमकं हेच शिकवतात.

हा विचार जुना आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथं १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. त्याआधी असे बहुतेक रुग्ण दाबजखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं लवकरच दगावत. गुटमन यांनी रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त घातली, आणि त्याहून कडक दुसरी शिस्त घातली: काम करायचं, खेळायचं, पडून राहायचं नाही. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांच्या इस्पितळाच्या आवारात १६ जणांनी खुर्चीत बसून तिरंदाजीचे सामने खेळले. त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर हे आपल्या सांगली जिल्ह्यातले, १९६५च्या युद्धात जखमी झालेले जवान.

लघवीचा प्रश्न आपण कुजबुजत बोलतो, म्हणून तो मोठ्यानं मांडते. कायमची नळी आणि पिशवी सोपी वाटते, पण ती जंतूंना उघडं दार देते. १९७२ साली अमेरिकेत जॅक लॅपिडीज या डॉक्टरांनी दाखवून दिलं की दिवसातून काही वेळा, नुसत्या स्वच्छ धुतलेल्या हातांनी नळी घालून लघवी काढून टाकली तरी मूत्रपिंडं सुरक्षित राहतात. त्यासाठी इस्पितळातली निर्जंतुक खोली लागत नाही. साधारण दर चार ते सहा तासांनी हे करायचं असतं. हात चालत असतील तर स्वतःच शिकायचं. बायकोनं ते शिकून ठेवावं, पण रोजचं काम म्हणून अंगावर घेऊ नये. शौचाचंही तसंच. रोज ठरलेली वेळ, शक्यतो चहा-नाश्त्यानंतर, कारण पोटात काही गेलं की आतडी आपोआप हलू लागतात. गादी लावलेली कमोड खुर्ची आणि पुरेसा निवांतपणा. अपघात होईल या भीतीनं पाणी कमी पिणं हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार. त्यानं खडेही होतात आणि मलावरोधही.

एक गोष्ट जोडीदाराला झोपेतही आठवली पाहिजे. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर मूत्राशय तुंबणं, नळी मुडपणं, मळ अडकणं, घट्ट पट्टा, एवढ्याशा कारणानंही रक्तदाब एकाएकी भडकतो. डोकं घणघणतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागात घाम फुटतो. अशा वेळी आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, नळी तपासायची, लघवी काढायची. आराम पडला नाही तर थेट इस्पितळ गाठायचं. छोट्या दवाखान्यात हा प्रकार माहीत नसू शकतो; म्हणून डॉक्टरांकडून तो कागदावर लिहून घ्यावा आणि खुर्चीच्या खिशात ठेवावा. अशाच माणसांना इजेखाली घामही येत नाही, म्हणजे अंग थंड करण्याची सोयच बंद. विदर्भातल्या मे महिन्यात पाण्याची फवारणी आणि ओला पंचा सोबत हवाच.

आता घर. मराठी घर खुर्चीला अनुकूल नाही. दारात उंबरठा, न्हाणीघराला उंच कड, संडासाचं दार जेमतेम दोन-सव्वादोन फूट आणि खुर्चीची बाहेरून रुंदी त्याहून जास्त. सगळं घर फोडण्याआधी एक दिवस खुर्चीतल्या माणसाबरोबर टेप घेऊन फिरा. ‘मला आधी काय हवंय’ हे त्याला सांगू द्या. कित्येकदा उत्तर साधं असतं: संडासाचं दार काढून पडदा लावा, पलंगाचे पाय कापून तो खुर्चीच्या उंचीचा करा, म्हणजे फळीवरून मी माझा सरकेन. रॅम्पचा हिशेब एकास बाराचा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उतार साडेपाच मीटरच्या आसपास जातो. गवंडी ‘एवढा कशाला?’ म्हणून निम्म्यात आटोपतो आणि मग तो घसरगुंडीसारखा उतार एकट्यानं कधीच चढता येत नाही.

स्वयंपाकघराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण बाई खुर्चीत आली की पहिला निर्णय तिला तिथून बाहेर काढण्याचा होतो. ‘तू बस, आम्ही करतो.’ तिला खरोखर नको असेल तर प्रश्नच मिटला. हवं असेल तर गुडघे आत जातील असं टेबल, त्यावर शेगडी, हाताशी येतील असे डबे, एवढ्यानं फोडणी पुन्हा तिची होते. धोका वेगळाच आहे: गरम पातेलं मांडीवर ठेवून नेण्याची सवय. मांडीला चटका कळत नाही आणि कातडी शिजून निघते. चहाचा कप, लॅपटॉप, शेगडीजवळ टेकलेले पाय, उन्हात तापलेली फरशी, सगळीकडे हीच सावधगिरी. अंघोळीचं पाणी, जिथं जाणीव शाबूत आहे त्या हातानं बघायचं.

बाई खुर्चीत आली की आणखी एक गोष्ट घडते. ‘थोडे दिवस माहेरी राहू दे’ असं ठरतं, आणि ते थोडे दिवस संपत नाहीत. नवरा खुर्चीत आला तर बायकोनं सगळं सोसायचं हे गृहीत. बायको आली तर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज. शरीराला आलेलं असं अपंगत्व हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. कायद्यापेक्षाही, ती कुठं राहणार हे तिला विचारल्याशिवाय ठरवणाऱ्या घराविषयी मला संताप येतो, आणि तो मी लपवत नाही.

बाहेर पडलं की तिसऱ्या माणसाची वागणूक आड येते. बँकेत, हॉटेलात, दवाखान्यात प्रश्न उभ्या माणसाला विचारला जातो: ‘यांची सही कुठं घेऊ?’, ‘साहेब काय घेतील?’ जोडीदारानं उत्तर देऊ नये. फक्त खुर्चीतल्या माणसाकडे बघावं. समोरच्याची नजरही मागोमाग तिकडे वळते. मुठीला हात लावण्याआधी ‘ढकलू का?’ एवढं विचारावं, घरातही. पायरी उतरवताना काय करतोय ते आधी सांगावं.

काही अडचणी मात्र जोडप्याच्या वागणुकीनं सुटत नाहीत. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या विराली मोदी लग्नाच्या नोंदणीसाठी मुंबईत खार इथल्या कार्यालयात गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. स्वतःच्या लग्नाची सही करायला त्यांना जिन्यावरून उचलून न्यावं लागलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. सोसायटीच्या सभेत रॅम्पला कुणी ‘शोभा जाते’ म्हणून हरकत घेतली, तर हा आधार हातात ठेवून बोलावं. दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र पहिल्या काही महिन्यांतच काढावं, कारण पुढच्या बहुतेक सवलतींना तेच लागतं.

पहिल्या वर्षातला राग आणि गप्प बसणं याला वेळापत्रक नसतं. सहा महिने छान राहिलेला माणूस एखाद्या दिवशी ताट भिरकावतो. ‘हिंमत ठेव’, ‘इतरांचं बघ, किती वाईट आहे’ असं म्हणून काही होत नाही. जे गेलं ते गेलंच आहे, आणि त्याचं दुःख त्याला करू द्यावं. पण झोप, जेवण, बोलणं आठवडेच्या आठवडे तुटलं, जगण्याचा कंटाळा शब्दांत येऊ लागला, तर मानसोपचार घ्यायला लाजू नये. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

सर्वांत जास्त उपयोग होतो तो खुर्चीत काही वर्षं काढलेल्या दुसऱ्या माणसाचा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी खुर्चीत आल्या. खुर्चीतच असलेल्या एका कर्तबगार गृहस्थाशी गाठ पडली तेव्हा त्यांना उभारी आली, आणि १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन घरात असावं. त्याच संस्थेत राहिलेल्या, लहानपणापासून खुर्चीत असलेल्या लेखिका सोनाली नवांगुळ पुढे कोल्हापुरात स्वतःचं स्वतंत्र घर करून राहिल्या. खुर्चीतला माणूस दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाला जे विचारतो, गाडीत कसा चढतोस, लग्नाच्या पंगतीत काय करतोस, ते तो बायकोला कधीच विचारणार नाही. अशा भेटीच्या वेळी जोडीदारानं थोडा वेळ खोलीबाहेर जावं.

नवरा-बायकोचं अंथरूण हा विषय आपल्याकडे डॉक्टर सहसा काढत नाहीत, तुम्हीच काढा. मणक्याच्या इजेनंतर स्त्रीची पाळी काही महिने थांबू शकते, पण नंतर बहुधा सुरू होते, आणि गरोदरपण शक्य असतं. इजा वरच्या मणक्यांची असेल तर रक्तदाब भडकण्याच्या त्या धोक्याची कल्पना बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधीच द्यावी लागते. पुष्कळ पुरुषांना ताठरता येते, औषधांचाही उपयोग होतो, मात्र ती डॉक्टरांना विचारूनच; मूल हवं असेल तर वीर्य मिळवण्याचे वैद्यकीय उपाय आहेत. जवळ येण्याआधी लघवी काढून घेणं, घाई न करणं, आणि जिथं जाणीव शिल्लक आहे त्या मानेला, कानाला, खांद्याला नव्यानं ओळखणं, हे दोघांचं शिकणं. आणि नळीचं काम बायकोनं रोज अंगावर घेऊ नये असा आग्रह मी वर धरला तो याच कारणासाठी: ज्या हातांनी सकाळी नळी घातली, एनिमा दिला, त्याच हातांना रात्री प्रेयसीचे हात व्हायला अवघड जातं. परवडत असेल तर सकाळच्या कामांना पगारी माणूस ठेवा, नसेल तर भाऊ, दीर, मेहुणा यांच्यात वाटून द्या. पंधरा दिवसांतून दोनदा जरी ते काम दुसऱ्यानं केलं, तरी फरक जाणवतो.

जोडीदाराचं शरीरही हिशेबात घ्यायला हवं. पंचावन्न किलोच्या बाईनं सत्तर किलोच्या नवऱ्याला रोज काखेत हात घालून उचललं, तर वर्षभरात तिचीही कंबर जाते. खुर्ची पलंगाला तिरकी लावून ब्रेक लावणं, जवळची बाजूपट्टी काढणं, गुळगुळीत फळीवरून सरकवणं, हे थेरपिस्टकडून दोघांनी एकत्र शिकावं. मुंबईत हाजी अली इथलं केंद्र सरकारचं पुनर्वसन संस्थान १९५५पासून आहे. तिथं अशी विद्या शिकवली जाते.

आणि माहेरचं लग्न असो, स्वतःचं ऑपरेशन असो, की नुसतंच मैत्रिणीकडे जावंसं वाटो, जोडीदाराला चार दिवस बाहेर पडता आलं पाहिजे. त्यासाठी खुर्चीतल्या माणसानं स्वतः सांगून एक वही लिहून घ्यावी: नळीची वेळ, कुशीवर वळवण्याचे तास, औषधं, गादीत हवा किती, डोकं घणघणलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. जो कुणी बदली येईल त्यानं वही वाचावी, आणि वहीत नसेल ते खुर्चीत बसलेल्यालाच विचारावं.